भोंगा ओळखावा आवाजावरून

भोंगा हा शब्द आपण फार सढळ हाताने वापरतो. गिरणीचा भोंगा, साखर कारखान्याचा भोंगा, नगरपालिकेचा भोंगा, धरणाचे दरवाजे उघडण्याआधी वाजतो तो भोंगा आणि लढाईच्या दिवसांत वाजायचा तोही भोंगाच. लाऊडस्पीकरच्या कर्ण्यालाही आता आपण भोंगा म्हणू लागलो आहोत. बोलण्यापुरतं हे ठीक आहे. पण ही यंत्रं एक नव्हेत, त्यांचे आवाज एक नव्हेत आणि त्या आवाजांचे अर्थ तर मुळीच एक नव्हेत.

हा फरक मनावर घेतलेली काही मंडळी जगात आहेत. अमेरिकेत ती विशेष आढळतात. ब्रिटन आणि जर्मनीतही आहेत. अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ किंवा एखाद्या उंच खांबावर गंजत उभा असलेला जुना भोंगा शोधायचा, तो वाजत असेल तर ऐकायचा आणि तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या नमुन्याचा, साधारण कोणत्या काळातला, हे ठरवायचं, असा हा छंद आहे. पक्षीनिरीक्षक पक्षी दिसण्याआधीच शीळ ऐकून त्याचं नाव सांगतो, तशी ही मंडळी मैलभर अंतरावरून भोंग्याचं नाव सांगतात. वरवर पाहता हा रिकामपणाचा उद्योग वाटेल. पण थोडं खोलात गेलं की लक्षात येतं, की ज्या आवाजावर कधी काळी हजारो माणसांचे प्राण अवलंबून होते, त्याची ही नोंदवही आहे. आणि ती ठेवणारं दुसरं फारसं कुणी नाही.

हा छंद अमेरिकेतच इतका का फोफावला? तर तिथे भोंगेच अमाप होते. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुबॉम्बची चाचणी केली आणि अमेरिकेत हवाई हल्ल्याची धास्ती पसरली. १९५० च्या दशकात गावोगावी नागरी संरक्षणाचे भोंगे बसले. त्यांच्या खर्चाचा काही वाटा केंद्र सरकार उचलत असे. हल्ला कधी झाला नाही. पण मध्य अमेरिकेतल्या गावांना दुसरा शत्रू होताच, तो म्हणजे टोर्नेडो. आपल्याकडच्या समुद्री वादळाहून हे वेगळं प्रकरण. ढगातून सोंडेसारखी जमिनीवर उतरणारी ही वावटळ काही मिनिटांत वस्ती सपाट करते. बॉम्बसाठी आणलेले भोंगे मग या वावटळीसाठी वाजू लागले. ओहायो राज्यातल्या झिनिया या गावी ३ एप्रिल १९७४ रोजी भीषण टोर्नेडो आला, तेव्हा तिथे इशाऱ्याचा भोंगाच नव्हता. नंतर तो बसवण्यात आला.

भोंगे चालू स्थितीत आहेत ना, हे पाहण्यासाठी ते ठरावीक वेळी वाजवले जातात. इलिनॉय राज्यात महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता आणि मिनेसोटात पहिल्या बुधवारी दुपारी एक वाजता. छंदी मंडळींच्या दृष्टीने हे पर्वणीचे मुहूर्त. ध्वनिमुद्रणाचं साहित्य घेऊन, कानांत बोळे घालून ती आधीच जागा धरून उभी असतात.

आता भोंगा ओळखायचा म्हणजे नेमकं काय करायचं? त्यासाठी तो वाजतो कसा, हे आधी समजून घेऊ.

दोन पिंपं एकात एक ठेवली आहेत, अशी कल्पना करा. बाहेरचं पिंप स्थिर आहे, आतलं विजेच्या मोटरवर गरगर फिरतं. दोन्हींच्या भिंतींना सारख्या अंतरावर सारख्याच उभ्या खिडक्या आहेत. आतल्या पिंपाला पंख्यासारखी पाती आहेत, ती हवा आत ओढून बाहेर रेटतात. दोन्ही खिडक्या समोरासमोर आल्या की हवेचा झोत बाहेर पडतो. खिडकीसमोर भिंत आली की तो तुटतो. झोत, तुटणं, झोत, तुटणं, हे सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि आपल्याला सूर ऐकू येतो. म्हणजे भोंग्यात ना पडदा, ना तार, ना जीभ. नुसती हवेची काटछाट.

हे तत्त्व जुनं आहे. फ्रान्सच्या शार्ल कान्यार द ला तूर या संशोधकाने १८१९ मध्ये भोकं पाडलेल्या फिरत्या चकतीचं असं एक उपकरण केलं. सुराची कंपनं मोजण्यासाठी ते उपयोगी होतं. ते पाण्याखालीही वाजत असे, म्हणून त्याने त्याला ग्रीक पुराणातल्या सागरकन्यांचं नाव दिलं, सायरन. त्या सायरन गोड गाऊन खलाशांना मृत्यूकडे ओढत. पुढे तेच नाव माणसाला मृत्यूपासून दूर पळवणाऱ्या यंत्राला चिकटलं.

खिडक्यांची संख्या आणि फिरण्याचा वेग, या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे भोंग्याचा सूर. अमेरिकेत विजेचा प्रवाह सेकंदाला ६० आवर्तनांचा असतो. त्यावर चालणारी नेहमीची वेगवान मोटर मिनिटाला सुमारे ३४५० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला साडेसत्तावन्न. खिडक्या आठ असतील तर सूर ४६० कंपनांचा, दहा असतील तर ५७५ चा, बारा असतील तर ६९० चा. आपल्याकडे आणि युरोपात प्रवाह ५० आवर्तनांचा. तीच मोटर इथे साधारण २८५० फेरे घेईल आणि दहा खिडक्यांचा सूर ४७५ वर उतरेल. त्यामुळे ध्वनिमुद्रण कुठलं आहे हे माहीत नसतानाही, निव्वळ सुराच्या उंचीवरून ते अमेरिकेतलं की युरोपातलं, याचा अंदाज जाणकार बांधू शकतात.

काही भोंग्यांत एकाच दांड्यावर दोन फिरक्या असतात आणि दोन्हींच्या खिडक्यांची संख्या वेगळी असते. त्यांतून एकाच वेळी दोन सूर निघतात. इथे आपल्या संगीताचा कान कामी येतो. दहा आणि बारा खिडक्यांचा भोंगा असेल तर दोन सुरांचं नातं पाचास सहा असं होतं. म्हणजे षड्ज आणि कोमल गंधार. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर घोंघावणारा तो काळीज कापणारा आवाज याच जोडीचा. पेटीवर सा आणि कोमल ग एकदम दाबून पाहा, त्याची झलक मिळेल. आठ आणि बारा खिडक्या असतील तर नातं दोनास तीन, म्हणजे षड्ज-पंचम. हा आवाज ऐकायला पुष्कळ मोकळा वाटतो, तितका कातर वाटत नाही. गंमत अशी, की दोन्ही फिरक्या एकाच दांड्यावर असल्यामुळे भोंगा वेग घेताना किंवा मंदावताना दोन्ही सूर एकदमच चढतात-उतरतात. पट्टी बदलते, पण सुरांतलं अंतर बदलत नाही. त्यामुळे आवाज पूर्ण चढण्याची वाट पाहावी लागत नाही. सुरुवातीच्या घरघरीतूनच जोडी कळते.

छंदी मंडळी नवख्याला आणखी तीन गोष्टी ऐकायला शिकवतात.

पहिली, सुरुवात. मोटरचा भोंगा तळातून घरघरत उठतो आणि चढत जातो. वाफेच्या जोरावर वाजणारी शिट्टी तशी चढत नाही, ती जवळजवळ एकदमच आपल्या सुरात लागते. म्हणून बॉयलरच्या वाफेवर वाजणारा गिरणीचा भोंगा आणि युद्धकाळचा भोंगा यांना आपण एकाच नावाने ओळखत असलो तरी जाणत्या कानाला ते दोन सेकंदांत वेगळे कळतात.

दुसरी, शेवट. जड फिरकी वीज तोडल्यावरही बराच वेळ फिरत राहते, आवाज हळूहळू खाली येत विझतो. नव्या इलेक्ट्रॉनिक भोंग्यात फिरणारं काहीच नसतं, मोठमोठे स्पीकर असतात. ते भोंग्याची नक्कल छान करतात, पण त्यांचा आवाज हवा तिथे कापल्यासारखा थांबू शकतो.

तिसरी गोष्ट, चढउतार कशाचा आहे? सुराचा की केवळ मोठेपणाचा? काही भोंग्यांचा कर्णा खांबावर गोल फिरतो. तो आपल्याकडे वळला की आवाज वाढतो, पाठ फिरवली की कमी होतो; सूर मात्र तोच राहतो. उलट मोटरची वीज मध्येच तोडून पुन्हा जोडली तर सूरच खालीवर होतो. नवख्याचा इथे हमखास गोंधळ उडतो. आणि इशाऱ्याचा अर्थ तर नेमका याच फरकावर ठरतो. त्याकडे आपण पुढे येऊच.

कानानंतर डोळ्यांचं काम. सगळे भोंगे एकाच घाटाचे नसतात. कुणाच्या डोक्यावर अळंबीसारखी टोपी, कुणाला चहूबाजूंनी आखूड कर्णे, तर कुणाला एकच लांबरुंद फिरता कर्णा. या छंदातला लाडका नमुना म्हणजे शिकागोच्या फेडरल कंपनीचा ‘थंडरबोल्ट’. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९९० च्या सुमारापर्यंत तो बनत होता. त्याची हवा वरच्या फिरकीने ओढलेली नसते. खांबाच्या पायथ्याशी एका पेटीत हवा दाबणारं वेगळं यंत्र असतं आणि तिथून जाड नळातून हवा वर कर्ण्यात जाते. खांबाशेजारी मोठी पेटी आणि वर चढणारा नळ दिसला, की आवाज न ऐकताही नाव सांगता येतं.

आणि या सगळ्यांचा दादा म्हणजे क्रायस्लर या मोटार कंपनीचा १९५२ चा हवाई हल्ल्याचा भोंगा. त्याला विजेची मोटर नव्हती. आठ सिलिंडरांचं, १८० अश्वशक्तीचं मोटारीचं इंजिन होतं. शंभर फुटांवर आवाज १३८ डेसिबल. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने घटतो. या हिशेबाने दोनशे फुटांवर १३२ आणि चारशे फुटांवरही १२६ डेसिबल! एवढा आवाज कानाला कायमची इजा करू शकतो. म्हणून या छंदाचा पहिला नियम असा, की भोंग्याजवळ जायचं नाही, परवानगीवाचून चढायचं नाही आणि हौसेखातर तो वाजवायचा तर नाहीच नाही.

कान आणि डोळे यांच्यानंतर येतात कागद. भोंग्यावर पितळी किंवा पत्र्याची पट्टी असेल तर तिच्यावर नमुना, क्रमांक, व्होल्ट वगैरे कोरलेलं असतं. कंपनीचं नावसुद्धा काळ सांगतं. फेडरल ही कंपनी १९०१ मध्ये स्थापन झाली ती ‘फेडरल इलेक्ट्रिक’ म्हणून. पुढे ती ‘फेडरल एंटरप्रायझेस’ झाली, मग ‘फेडरल साइन अँड सिग्नल’ आणि शेवटी ‘फेडरल सिग्नल’. पट्टीवर यांपैकी कोणतं नाव आहे, यावरून भोंग्याचं वय पुढेमागे सरकतं. पट्टी गंजून गेली असेल तर नगरपालिकेच्या बैठकांची जुनी इतिवृत्तं, खरेदीच्या नोंदी, वर्तमानपत्रांतल्या जाहिराती, गावजत्रेच्या फोटोत मागे चुकून आलेला खांब, असं काहीही पुरावा म्हणून चालतं. आणि अनेकदा निष्पन्न असं होतं, की आपल्या डोक्यावर काय उभं आहे हे खुद्द गावालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेली वस्तू भंगारात जायला वेळ लागत नाही. म्हणून काही जण असे भोंगे लिलावात विकत घेतात, गंज खरवडतात, जळालेली मोटर पुन्हा गुंडाळून घेतात.

इथवर सारं यंत्राचं झालं. पण यंत्र ओळखलं म्हणून काम संपत नाही. तो भोंगा त्या गावाला काय सांगत होता, हे कळणं महत्त्वाचं.

एक उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये चढता-उतरता आवाज म्हणजे ‘विमानं येत आहेत, आडोशाला जा’ आणि एकाच सुरात चाललेला सलग आवाज म्हणजे ‘धोका टळला’. आपल्या नागरी संरक्षण दलाचा संकेतही हाच. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउट अनुभवलेल्या मुंबईकरांना तो आठवत असेल. अमेरिकेत मात्र चढता-उतरता आवाज म्हणजे हल्ला आणि सलग आवाज म्हणजे ‘सावध व्हा’. टोर्नेडोच्या वेळी बहुतेक ठिकाणी हाच सलग आवाज वाजतो. म्हणजे जो आवाज ऐकून लंडनचा किंवा मुंबईचा माणूस सुटकेचा निःश्वास सोडेल, तोच ऐकून अमेरिकेतल्या माणसाने तळघर गाठायचं! आवाजाला स्वतःचा अर्थ नसतो. तो ऐकणाऱ्यांनी आपसांत ठरवून दिलेला असतो.

हा करार मोडला की काय होतं? २२ सप्टेंबर १९५९ च्या रात्री साडेदहाच्या सुमारास शिकागोत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजू लागले. सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह तेव्हा अमेरिकेच्या दौऱ्यावर होते, वातावरण तंग होतं. लोक घाबरून गेले. कारण काय, तर शहराचा बेसबॉल संघ ‘व्हाइट सॉक्स’ अजिंक्य ठरला होता आणि अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी आनंदाच्या भरात भोंगे वाजवायला लावले होते! ही घटना आज हसण्यावारी नेता येते. पण मिझुरी राज्यातल्या जॉप्लिनचं तसं नाही. २२ मे २०११ रोजी तिथे टोर्नेडोने दीडशेहून अधिक माणसं मारली. भोंगे आधी वाजले होते. मात्र ते एरवीही वरचेवर वाजत असल्यामुळे अनेकांनी पहिला भोंगा मनावर घेतला नाही. दुसऱ्या खुणेची वाट पाहत ते थांबले, असं अमेरिकी हवामान खात्याच्या पाहणीत दिसून आलं.

याच्या उलट प्रकार ऑगस्ट २०२३ मध्ये हवाई बेटांवर घडला. लहायना गाव वणव्यात जळालं, शंभराहून अधिक माणसं गेली आणि भोंगे वाजलेच नाहीत. तिथे भोंगा म्हणजे त्सुनामी, म्हणजे डोंगराकडे पळा, असं लोकांच्या मनात बसलेलं. भोंगा वाजवला असता तर लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडेच गेले असते, असं समर्थन तिथल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या प्रमुखांनी केलं. त्यावर टीकेची झोड उठली आणि त्यांना पद सोडावं लागलं. जर्मनीने तर शीतयुद्ध संपल्यावर आपले बरेचसे भोंगे उतरवूनच टाकले होते. जुलै २०२१ च्या महापुरात १८० हून अधिक माणसं दगावल्यावर तिथल्या सरकारने भोंगे पुन्हा बसवण्यासाठी पैसे देऊ केले. मोबाइलच्या जमान्यातही रात्री झोपेतल्या माणसाला जागं करणारं, टॉवर बंद पडला तरी ऐकू येणारं साधन लागतं, हे तेव्हा पुन्हा एकदा पटलं.

आपल्याकडेही हा विषय केवळ जुन्या आठवणींचा नाही. ७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव झाला आणि एका अख्ख्या पिढीने असा भोंगा पहिल्यांदा ऐकला. त्यानंतर तीनच दिवसांत केंद्र सरकारने वृत्तवाहिन्यांना सूचना केली, की बातम्यांना रंगत आणण्यासाठी हवाई हल्ल्याच्या भोंग्याचा आवाज वापरू नका. लोकांचा कान मरेल आणि खऱ्या वेळी कुणी हलणार नाही. जॉप्लिनने मोठी किंमत मोजून घेतलेला धडा तो हाच.

पण भोंग्याचा अर्थ लोक ठरवतात, याचा चांगला दाखलाही आपल्याच मातीत आहे. ३० जानेवारीला हुतात्म्यांच्या स्मरणार्थ दोन मिनिटं स्तब्धता पाळतात, तेव्हा जिथे भोंगा आहे तिथे तो १०.५९ ते ११ वाजवावा आणि मग ११.०२ ते ११.०३ पुन्हा वाजवावा, असा सरकारी संकेत आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. त्याचा अर्थ गावाने ठरवला, की आता दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. यंत्र तेच, करार नवा.

आपल्या गावात एखादा जुना भोंगा असेल, वाजता किंवा मुका, तर त्याची एवढी नोंद करून ठेवायला हरकत नाही. खालूनच एक फोटो घ्यावा. कर्णे किती, टोपी आहे का, पट्टी दिसते का, ते पाहावं. वाजत असेल तर सुरुवातीपासून पूर्ण विझेपर्यंतचा आवाज मुद्रित करावा. अर्धवट मुद्रणाचा ओळखण्यासाठी फारसा उपयोग होत नाही. आणि गावातल्या जाणत्या माणसांना विचारावं, की हा केव्हा वाजायचा आणि तो ऐकून तुम्ही काय करायचात? पट्टी पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल. हे उत्तर ज्यांच्यापाशी आहे ती माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.